शंभर घनफुटांचे सत्तर कसे झाले? वाळू पुरवठादारांना खुले पत्र

सर्व वाळू पुरवठादार, डेपोचालक आणि वाहतूकदार यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पावतीच्या तळाशी एक ओळ छापलेली असते : "माल उतरल्यानंतर मापाबद्दल तक्रार ऐकली जाणार नाही." माझ्याकडे अशा दोन पावत्या आहेत. दोन्हींवर 'वाळू, १ गाडी' एवढेच लिहिले आहे. गाडी केवढी, वाळू कसली, ओली की कोरडी, याचा पत्ता नाही. माप सांगायचे नाही आणि मापाची तक्रारही करू द्यायची नाही, हे मला मुकाट्याने सोसवत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि चारचौघांसमोर लिहिते आहे. वाळू घेणारी बहुतेक माणसे ती आयुष्यात एकदा-दोनदाच घेतात. अंगणात ब्लॉक बसवायचे, कुंपणाला गिलावा करायचा, मुलांना खेळायला वाळूचा हौद करायचा, की झाले. तेवढ्यात माणूस काय शिकणार? तुम्ही मात्र रोज विकता. त्यामुळे मापाची जबाबदारी आधी तुमची आहे.

माझ्या बाबतीत काय झाले ते सांगते.

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे होते. अंगण ३० फूट लांब, २० फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस फूट. ब्लॉकखाली वाळूचा थर दीड इंचाचा, तोही ठोकून झाल्यावर. दीड इंच म्हणजे फुटाचा आठवा भाग, तेव्हा ७५ घनफूट झाले. सुटी वाळू ठोकल्यावर खाली बसते, म्हणून २० टक्के वाढवून ९०. सांधे भरायला आणि सांडलवंडीला आणखी १०. बरोबर १०० घनफूट, एक ब्रास. हिशेब वहीत मांडून मिस्त्रींना दाखवला, त्यांनीही मान डोलावली. मग तुमच्यापैकी एकांना फोन करून एक ब्रास भरड वाळू सांगितली. "एक गाडी पाठवतो, ब्रासच भरते," असे उत्तर आले.

गाडी आली, ढीग पडला, काम सुरू झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी वाळू संपली. फाटकाकडची साडेसहा फुटांची पट्टी उघडीच राहिली. मी वही काढून पुन्हा पुन्हा गुणाकार केले, चूक सापडेना. मग मनात नको तो विचार आला आणि मी तो बोलूनही गेले. "मिस्त्री, थर जाड घातलात का? नाहीतर वाळू गेली कुठे?" ते पाट्याला चिकटलेली वाळू हाताने निपटत होते. वर न बघताच म्हणाले, "ताई, वाळू मी खाल्ली का?" मग त्यांनी बसवलेले दोन ब्लॉक उचकटले आणि टेप लावली. थर दीड इंच. दुसऱ्या टोकाचे दोन उचकटले. तिथेही दीड. ते हात धुवून निघून गेले आणि दोन दिवस कामावर आले नाहीत.

उरलेल्या पट्टीसाठी वीस-बावीस घनफूट वाळू पुरली असती. अर्धी गाडी मिळत नाही म्हणून पुन्हा पूर्ण गाडी घ्यावी लागली. तीच गाडी, तोच चालक. या वेळी मी त्याला माल ओतू दिला नाही. चाकावर पाय देऊन हौद्यात डोकावले आणि टेप धरली. चालक म्हणाला, "दहा-पाच-दोन, शंभर भरतात." दहा फूट ही हौद्याची बाहेरची लांबी होती. आतून ती ९ फूट ८ इंच भरली. रुंदी आतून ४ फूट ९ इंच, कारण दोन्ही अंगांचा पत्रा आणि पट्ट्या मध्ये येतात. खोली दोन फूट खरी, पण ती फाळक्याच्या वरच्या काठापर्यंत. वाळू १ फूट १० इंचांवरच होती. गुणाकार केला तर ८४ घनफूट. ढीग पडल्यावर खात्रीसाठी तोही मोजला. शंकूसारख्या ढिगाचे माप काढणे सोपे आहे. तळाच्या घेराला घेरानेच गुणायचे, मग उंचीने गुणायचे आणि ३८ ने भागायचे. घेर ३० फूट, उंची साडेतीन फूट. ८३ घनफूट आले. गाडी आणि ढीग एकच सांगत होते.

तरीही ९० च्या जागी ८४ असते तर एवढी मोठी पट्टी उघडी पडली नसती. उरलेले कोडे मिस्त्रींनीच सोडवले. तिसऱ्या दिवशी ते परत आले, ढिगातली मूठभर वाळू हातात दाबली आणि म्हणाले, "फुगलेली आहे." मग सरळ उभ्या बाजूंचा एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात ती ओलसर वाळू न दाबता १२ इंच भरली. वाळू काढून घेतली, डबा अर्धा पाण्याने भरला आणि तीच वाळू थोडी थोडी करून पाण्यात सोडत काठीने ढवळली. वाळू खाली बसली तेव्हा पट्टी लावली. १० इंच. दहाची बारा होऊन ती माझ्या दारात आली होती. २० टक्के फुगवटा. ८४ ला १.२ ने भागा, ७० उरतात.

कागदावर १००, गाडीत ८४, प्रत्यक्षात ७०. मी मिस्त्रींची माफी मागितली. त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीचे काय, हे मात्र त्या पावतीवर कुठेच लिहिलेले नाही.

आता माझ्या तक्रारी ऐका.

सर्वात मोठी तक्रार ओल्या वाळूबद्दल आहे, कारण यात विकणारा खोटे न बोलताही घेणारा नागवला जातो. वाळू किंचित ओली असली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांना खेटून बसत नाहीत. मधली पोकळी वाढते. साधारण ५ टक्के ओल असताना हा फुगवटा सर्वाधिक असतो. भरड वाळूत तो १५-२० टक्क्यांपर्यंत जातो, बारीक वाळूत ३० टक्क्यांवरही. गंमत अशी की वाळू पाण्यात पूर्ण बुडाली की फुगवटा नाहीसा होतो आणि ती पुन्हा कोरड्या वाळूएवढीच जागा घेते. डब्याची परीक्षा याच गुणावर उभी आहे. हे तुम्हाला ठाऊक नाही असे मी मानत नाही. ढिगावर पाणी मारणे, रात्री पडलेल्या दवाची वाळू सकाळी पहिल्या खेपेत भरणे, याचा परिणाम काय होतो हे तुमच्या डेपोवरच्या हमालालाही कळते. धूळ उडू नये म्हणून पाणी मारावेच लागते, तेही मला मान्य आहे. पण मग फुगलेल्या वाळूची सूट द्या. घनफुटाने विकताना तुम्ही मला कणांमधली हवा विकता आहात.

काही जण म्हणतील, मग वजनाने घ्या. वजनात उलटा घोटाळा होतो. तिथे हवा जात नाही, पाणी जाते. १० टन वाळूत ८ टक्के ओल असेल तर त्यात सुमारे पाऊण टन पाणी असते. शिवाय काम फुटांत मोजले जाते आणि काटा टनांत बोलतो, मधले रूपांतर ज्याच्या हाती त्याचा फायदा. कोरडी सुटी वाळू घनमीटरला ढोबळमानाने १,५०० ते १,६०० किलो भरते. घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, तेव्हा एका ब्रासचे सव्वाचार ते साडेचार टन होतात. हा आकडा गिऱ्हाइकाला आधीच सांगायला काय हरकत आहे? मी विचारले तेव्हा दोन डेपोंनी दोन वेगळे आकडे दिले आणि दोन्ही या पट्ट्याच्या बाहेरचे होते.

गाडीच्या मापाबद्दल वर सांगितलेच. बाहेरून मोजलेला हौदा, फाळक्यापर्यंत न भरलेला माल, आणि कधी कधी उलट, मध्ये उंच ढीग करून चारही कोपरे रिकामे. बघणाऱ्याला गाडी शिगोशीग भरलेली दिसते.

यानंतरची तक्रार वाळूच्या जातीची, म्हणजे प्रकाराची. तुमच्याकडे 'भरड' मागितली तरी 'सगळ्याला चालेल अशी' वाळू येते. सगळ्याला चालेल अशी वाळू नसते. ब्लॉकखाली टोकदार कणांची, भरड, पाणी झिरपू देणारी वाळू लागते. त्यात दगडाची भुकटी जास्त असली की पाणी अडते आणि ब्लॉक दबतात. गिलाव्याला बारीक आणि स्वच्छ वाळू हवी, नाहीतर पृष्ठभागावर भेगांचे जाळे उमटते. काँक्रीटला लहानमोठ्या कणांची नीट मिसळण हवी, ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारी. सगळे कण एकाच आकाराचे असतील तर मधल्या पोकळ्या भरायला सिमेंट जास्त जाते. समुद्राकाठची खारी वाळू नीट न धुता काँक्रीटमध्ये गेली तर आतले लोखंड गंजते, आणि ते कळते तेव्हा वरचा थर सुटायला लागलेला असतो. वाळवंटात वाळूचे डोंगर आहेत म्हणून आपण निश्चिंत राहावे तर तेही नाही. वाऱ्याने घासून तिचे कण इतके गोल आणि बारीक झालेले असतात की बांधकामात ते एकमेकांना धरत नाहीत.

मुलांच्या हौदाबद्दल मला विशेष सांगायचे आहे. तिथे धुतलेली, गोलसर कणांची, बिनधुळीची वाळू लागते. खडी फोडताना निघालेली भुकटी तिथे अजिबात नको. स्फटिकरूप सिलिकाची बारीक धूळ श्वासावाटे जाणे कर्करोगाला कारण ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच नोंदवले आहे. हौदासाठी म्हणून वाळू मागणाऱ्या आईबापांना काय देतो आहोत, एवढा विचार गाडी भरणाऱ्याने करावा.

बागेबाबत सांगितले जाते तेही तपासून सांगा. चिकणमातीत दोन घमेली वाळू मिसळली की माती मोकळी होते, असे मला डेपोवर ठामपणे सांगण्यात आले. थोडी वाळू घातली की चिकणमाती उलट घट्ट होते, वाळल्यावर विटेसारखी. चिकणमातीला कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा लागतो. वाळू खपवण्यासाठी कोणाची बाग बिघडवू नका.

गाळाचे तर विचारूच नका. दुसऱ्या गाडीची वाळू मी बाटलीत पाहिली. पारदर्शक बाटली तिसरा हिस्सा वाळूने भरायची, वर पाणी, त्यात चिमूटभर मीठ, जोराने हलवायची आणि दोन-तीन तास हलवायची नाही. खाली वाळूचा थर बसतो, त्यावर गाळाचा. माझ्या बाटलीत वाळू १० सेंटीमीटर होती आणि वर दीड सेंटीमीटर चॉकलेटी गाळ. वाळूच्या थराच्या १५ टक्के. ८ टक्क्यांच्या वर गाळ दिसला तर वाळू धुतल्याशिवाय वापरू नये, अशी कामावरची जुनी रीत आहे. पावती देताना मला 'धुतलेली' म्हणून सांगितले होते. बाटली हातात होती तेव्हा माल उतरून झाला होता आणि पावतीवर ती ओळ होती. ती वाळू वापरण्यावाचून इलाज उरला नाही. फाटकाकडचे ब्लॉक पहिल्या पावसानंतर दबले. बाकीचे अंगण अजून सपाट आहे, आणि ती साडेसहा फुटांची पट्टी पाण्याचे डबके धरते. घरी येणारा प्रत्येक जण तिथेच पाय ओला करतो.

राहिलेल्या ढिगाबद्दलही लिहायला हवे. गरज वीस-बावीस घनफुटांची, घ्यावी लागली गाडीभर. उरलेली वाळू ताडपत्रीखाली पडली होती, पावसात ताडपत्री उडाली आणि बरीचशी वाळू गटारात गेली. मला याचे पैशांपेक्षा वेगळे वाईट वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ सालच्या अहवालात म्हटले आहे की जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस याच वस्तूचा सर्वाधिक वापर करतो. नदी ती ज्या गतीने घडवते त्याहून कितीतरी वेगाने आपण ती उपसतो. पात्र खोल जाते, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात, काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते. अशी वस्तू केवळ 'अर्धी गाडी परवडत नाही' म्हणून गटारात जावी?

तुमच्या अडचणी मला दिसतात. डिझेल तेवढेच जळते, चालकाचा दिवस तेवढाच जातो, आणि गिऱ्हाईकही "एक गाडी टाका" एवढेच बोलून फोन ठेवते. पहिल्या वेळी मीही टेप घेऊन उभी राहिले नव्हते. पण मी न मोजल्यामुळे तुमचे माप बरोबर ठरत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पावतीवर 'गाडी' लिहिणे बंद करा. घनफूट किंवा घनमीटर लिहा, वजनाने देत असाल तर किलो लिहा, आणि त्यापुढे वाळूची जात, आणि ती ओली आहे की कोरडी, हेही लिहा. प्रत्येक गाडीच्या हौद्यावर आतून मोजलेली लांबी, रुंदी, खोली रंगवून टाका. आतल्या बाजूला एक रेघ मारा, त्या रेघेपर्यंत किती घनफूट भरतात ते तिथेच लिहा. हे काम एका डबा रंगाचे आणि एका दुपारचे आहे. माल ओतण्यापूर्वी गिऱ्हाइकाला मोजू द्या. मला टेपने मोजायला पाच मिनिटे लागली होती.

वाळू ओली असेल तर रोज सकाळी डेपोवर डब्याची परीक्षा करा आणि त्या दिवसाचा फुगवटा पाटीवर लिहा. १२ चे १० झाले तर १०० घनफुटांच्या पैशांत १२० घनफूट ओली वाळू द्या. गाळाची बाटलीही तिथेच ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला डोळ्यांनी बघता येईल.

अर्धी आणि पाव गाडी द्या. वाहतुकीचा खर्च वेगळा लावा, आम्ही देऊ. ज्याला पाच-सात घनफुटांचेच काम आहे त्याच्यासाठी गोण्या भरून ठेवा, आणि गोणीवर किती घनफूट ते लिहा.

आणि पावतीवरची ती ओळ काढून टाका. ढीग पडल्यावरही माप घेता येते, हे मी वर दाखवले आहे. निदान २४ तासांत, ढिगाला हात लागण्याआधी आलेली तक्रार ऐकून घ्या आणि माणूस पाठवून समोरासमोर मोजा. कमी भरले तर उरलेली वाळू द्या. जास्त भरले तर वरचे पैसे मी देईन.

वजनमापे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचले तर त्यांनाही विनंती आहे. दुकानातला तराजू तुम्ही तपासता, पेट्रोलचे माप तपासता. वाळूच्या गाडीत टेप घेऊन एकदा चढून बघा.

वाळू घेणाऱ्यांना एवढेच सांगते. लांबी, रुंदी, जाडी फुटांत घ्या, जाडीच्या इंचांना १२ ने भागायला विसरू नका, आणि तिन्हींचा गुणाकार करा. ब्लॉकखालच्या थरासाठी ठोकल्यावर बसणारी वाळू वेगळी धरा. हिशेब कागदावर लिहून मिस्त्रींच्या हाती द्या. आणि वाळू कमी पडली तर आधी गाडी मोजा, माणसाकडे नंतर बघा.

माझ्या कुंपणाच्या भिंतीचा गिलावा अजून बाकी आहे. भिंत ६०० चौरस फूट, गिलाव्याची जाडी १५ मिलिमीटर. कालवलेला ओला माल ३० घनफूट, कोरड्या सिमेंट-वाळूत तिसरा हिस्सा वाढवून ४०. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू या प्रमाणात त्यातली वाळू ३२ घनफूट, खाचखळगे आणि सांडलवंड धरून ४०. मला ४० घनफूट बारीक, धुतलेली वाळू हवी आहे, फुगवट्याची सूट धरून. मिस्त्री पुढच्या सोमवारपासून मोकळे आहेत. तुमच्यापैकी जो कोणी पावतीवर माप लिहून देईल त्याच्याकडून घेईन. फाटकात टेप, डबा आणि बाटली घेऊन मी उभी असेन.

आपली,
अंगणातली एक पट्टी दबलेली एक ग्राहक